लाटा आणि जोराचा वारा यांसाठी काइटसर्फिंगचा बोर्ड कसा निवडावा

काइटसर्फिंगचा, म्हणजे काइटच्या (मोठ्या पतंगाच्या) ओढीवर पाण्यावर चालवायचा बोर्ड घेताना बहुतेक जण सर्वांत आधी लांबी विचारतात. मंद वाऱ्यात शिकताना मोठा बोर्ड पाण्यावर लवकर चढतो आणि वेग घेतो, हा अनुभव प्रत्येकाच्या गाठीशी असतो, त्यामुळे बोर्डाचे काम शक्ती देणे हेच आहे अशी समजूत घट्ट होऊन बसते. २५ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटरच्या पुढे ही समजूत गोत्यात आणते. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० नॉटचा वारा ३० नॉट झाला, तर त्याच काइटवरचा जोर दीडपट होत नाही, तो सव्वादोनपट होतो. काइट लहान घेतली तरी झुळूक आली की ओढ एकदम वाढते, आणि त्याच क्षणी पायांखालचे पाणीही खडबडीत झालेले असते. अशा दिवशी शक्ती उतू जात असते. ती आवरायला मदत करील असा बोर्ड हवा असतो. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या या एकाच कसोटीवर बेतल्या आहेत.

माझा स्वतःचा पहिला लाटांचा बोर्ड मी १५ नॉटच्या वाऱ्यात चालवून पाहिला आणि त्याच संध्याकाळी विकत घेतला. तीस लिटर घनफळाचा, रुंद, जाड कडांचा तो बोर्ड त्या दिवशी लोण्यासारखा चालला होता. पुढच्याच आठवड्यात २८ नॉटच्या वाऱ्यात तो पाण्यावर चेंडूसारखा उड्या मारू लागला, टाचांनी कितीही दाबले तरी त्याची कड पाण्यात बुडेना, आणि तासाभरात माझ्या मांड्या भरून आल्या. बोर्डात दोष काहीच नव्हता. ज्या वाऱ्यात तो वापरायचा होता, त्या वाऱ्यात मी तो पाहिलाच नव्हता.

पहिली पायरी: आपले पाणी ओळखणे

बोर्डांची माहितीपत्रके उघडण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात: आपण जातो त्या ठिकाणी वारा किनाऱ्याच्या संदर्भात कोणत्या दिशेने येतो, लाटा कशा फुटतात, आणि वर्षातले किती दिवस वारा खरोखर २५ नॉटच्या वर असतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आठवणीवर विसंबून देऊ नये, कारण जोराच्या वाऱ्याचे दिवस जास्त लक्षात राहतात. वाऱ्याच्या नोंदी पाहाव्यात.

वारा थेट किनाऱ्याकडे येत असेल, तर लाटा बहुधा मऊ, विस्कळीत आणि एकीमागून एक लगेच येणाऱ्या असतात. फेसाळ पाण्याच्या तीन-चार रांगा ओलांडून बाहेर जावे लागते आणि लाटेवर आल्यावर मधले निर्जीव टप्पे स्वतःच्या वेगावर पार करावे लागतात. इथे थोडा सपाट आणि थोडा भरीव बोर्ड उपयोगी पडतो. वारा किनाऱ्याला समांतर किंवा किंचित समुद्राकडे वाहत असेल, तर लाटेचा उतार स्वच्छ, उभा आणि वेगवान मिळतो. केप व्हर्डेमधील साल बेटावरची पोंटा प्रेटा किंवा मॉरिशसमध्ये ल मॉर्नच्या खडकाळ भिंतीवर फुटणारी वन आय ही या प्रकारची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. तिथे लाटच वेग देते, आणि बोर्डाने तो वेग धरून ठेवायचा असतो. या दोन ठिकाणांसाठी योग्य असलेला बोर्ड किनाऱ्याकडे येणाऱ्या वाऱ्यात अडखळतो. त्यामुळे ‘लाटांसाठी उत्तम बोर्ड’ असा सरसकट प्रश्न विचारून काही निष्पन्न होत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच तपासून घ्यावी, ती म्हणजे काइटचा आकार. साधारण ७५ किलो वजनाचा माणूस २५ नॉटच्या आसपास ८ किंवा ९ चौरस मीटरची आणि ३० नॉटला ६ किंवा ७ चौरस मीटरची काइट वापरतो. काइट गरजेपेक्षा मोठी असेल, तर जगातला कोणताही बोर्ड निसटताच वाटणार. बोर्ड बदलण्याच्या विचारात असलेल्या कित्येकांना प्रत्यक्षात एका लहान काइटची गरज असते.

दुसरी पायरी: ट्विन-टिप की सर्फबोर्ड

ट्विन-टिप म्हणजे दोन्ही टोके सारखी असलेला, पाय पट्ट्यांत अडकवून दोन्ही दिशांना चालवता येणारा बोर्ड. दिशा बदलताना पाय बदलावे लागत नाहीत, फेसाळ पाण्यातून बाहेर पडताना बोर्ड पायांतून निसटत नाही, आणि लाटेचा उपयोग मुख्यतः उडी मारण्यासाठी करायचा असेल, तर यासारखे साधन नाही. जोराच्या वाऱ्यासाठी ७५ किलोच्या माणसाला १३२ ते १३६ सेंटिमीटर लांबीचा आणि ३८ ते ४० सेंटिमीटर रुंदीचा ट्विन-टिप पुरतो. रोजच्या बोर्डापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लांबी आणि एखादा सेंटिमीटर रुंदी कमी, इतकाच फरक ठेवावा. लांबीपेक्षा रुंदीतली घट जास्त जाणवते, कारण अरुंद बोर्ड टाचेच्या दाबाला लगेच दाद देतो. टोके थोडी लवचीक असलेला बोर्ड खडबडीत पाण्याचे धक्के पोटात घालतो. कार्बनचा फार ताठ बोर्ड उडी छान देतो, पण तेच धक्के गुडघ्यांना मोजून परत करतो.

लाटेच्या उतारावर वळणे घ्यायची असतील, तर मात्र सर्फबोर्डच घ्यावा. ट्विन-टिपवर वजन दोन पायांच्या मध्ये असते आणि त्याच्या फिन्स, म्हणजे तळाला बसवलेले पंख, जेमतेम चार-पाच सेंटिमीटरच्या असतात. लाटेवरचे वळण मागच्या पायाने, फिन्सवर भार टाकून घेतले जाते, आणि त्यासाठी मागचा पाय फिन्सच्या वर उभा असावा लागतो. सर्फबोर्डात ही रचना मुळातच आहे. पुढचा बराचसा मजकूर सर्फबोर्डाविषयी आहे, कारण निवडीतला खरा गुंता तिथेच आहे.

तिसरी पायरी: लांबी, रुंदी आणि घनफळ

हातांनी वल्हवत लाट पकडणाऱ्या सर्फरला तरंगण्यासाठी घनफळ लागते. काइटसर्फरला काइट ओढून उभे करते, त्यामुळे त्याला तितक्या घनफळाची गरज नसते. ७५ किलोच्या माणसाला जोराच्या वाऱ्यात २० ते २५ लिटर पुरे होतात. त्यापेक्षा जास्त लिटर म्हणजे पाण्यावर जास्त उसळणारा बोर्ड. वारा मध्येच पडण्याची सवय असलेल्या ठिकाणी दोन-तीन लिटर वाढवणे शहाणपणाचे ठरते, एवढा अपवाद धरावा.

लांबीच्या बाबतीत ‘वारा जास्त तर बोर्ड आखूड’ हा नियम अर्धाच खरा आहे. वारा जोराचा पण लाटा कमरेएवढ्या असतील, तर ५ फूट २ इंच ते ५ फूट ६ इंचांचा आखूड बोर्ड चपळ वाटतो; त्याचे पुढचे टोक वाऱ्यात फारसे बाहेर नसते आणि लहान लहान लाटांच्या मध्ये तो बसतो. लाटा डोक्याच्या वर असतील, तर आखूड बोर्डाची कड पाण्यात पुरेशी लांब राहत नाही आणि वेग वाढला की तो थरथरू लागतो. अशा वेळी लांबी ५ फूट ९ इंच ते ६ फूट ठेवून रुंदी आणि जाडी कमी करावी. रुंदी ४६ ते ४७ सेंटिमीटरच्या आसपास असलेला लांबट, सडपातळ बोर्ड मोठ्या लाटेवर जितका विश्वासू वाटतो, तितका आखूड आणि रुंद बोर्ड वाटत नाही. दुकानात दोन्हींवर एकच लिटरचा आकडा छापलेला असू शकतो, म्हणूनच नुसता तो आकडा पाहून बोर्ड घेऊ नये.

वजन ६० किलोच्या आसपास असेल, तर वरच्या लांबीतून दोन इंच आणि घनफळातून तीन-चार लिटर वजा करावेत; ९० किलोच्या आसपास असेल, तर तितकेच वाढवावेत.

चौथी पायरी: रॉकर

माझ्या मते जोराच्या वाऱ्यासाठी बोर्ड निवडताना सर्वांत जास्त वेळ रॉकरवर घालवावा, आणि नेमके त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते, कारण तो आकडा बोर्डावर छापलेला नसतो. बोर्ड बाजूने पाहिला तर त्याचा तळ होडीसारखा दोन्हीकडे वर उचललेला दिसतो. हा बाक म्हणजे रॉकर. तळ सपाट असला की बोर्ड पाण्यावर लवकर चढतो, कमी ओढीत धावतो आणि वाऱ्याच्या तोंडाकडे सहज चढतो. बाक जास्त असला की बोर्ड पुढचे पाणी थोडे ढकलत जातो आणि त्याला चालवायला जास्त ओढ लागते. मंद वाऱ्यात ही किंमत परवडत नाही. जोराच्या वाऱ्यात ओढ आयतीच शिल्लक असते, त्यामुळे ती खर्च करून बाकाचे फायदे घेता येतात: उभ्या लाटेवरून खाली येताना पुढचे टोक पाण्यात घुसत नाही, लाटेच्या वळलेल्या उताराशी तळाचा बाक जुळतो, वळण लहान वर्तुळात होते, आणि खडबडीत पाण्यावर तळ आपटत नाही.

रॉकर मोजायला विशेष साधन लागत नाही. फिन्स काढून बोर्ड गादीवर पालथा ठेवावा. एक सरळ पट्टी किंवा ॲल्युमिनियमची नळी तळाच्या मधोमध लांबीला अशी ठेवावी की ती बोर्डाच्या मध्यबिंदूला टेकेल आणि तिथे तळाला समांतर राहील. आता पट्टीपासून पुढच्या टोकापर्यंतचे आणि शेपटीपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे. लाटांच्या बोर्डांत पुढे साधारण १० ते १३ आणि मागे ४ ते ६ सेंटिमीटर उचल आढळते. नेमक्या आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची आहे: आपल्या सध्याच्या बोर्डाचे हे दोन आकडे लिहून ठेवावेत आणि नवा बोर्ड त्यांच्याशी ताडून पाहावा. पुढच्या टोकाची उचल लाटेवरून उतरताना वाचवते, तर शेपटीची उचल वळताना कामाला येते. किनाऱ्याकडे येणाऱ्या वाऱ्यात शेपटी जरा सपाट असलेली बरी. स्वच्छ, उभ्या लाटांसाठी ती जास्त उचललेली चालते.

पाचवी पायरी: कडा, तळ आणि शेपटी

बोर्डाची कड, म्हणजे रेल, दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहावी. भरीव आणि गोल लागणारी कड पाण्यात बुडायला विरोध करते. वरून उतरती होत खाली निमुळती झालेली पातळ कड थोड्याशा दाबानेही पाण्यात शिरते आणि तिथे टिकते. २५ नॉटच्या पुढे पातळ कड घ्यावी. शेपटीच्या शेवटच्या फूटभर भागात कडेची खालची धार तीक्ष्ण असावी, म्हणजे पाणी तिथून स्वच्छ सुटते. मधल्या भागात ती किंचित गोलसर असावी, नाहीतर बोर्ड प्रत्येक लहान लाटेत अडकतो.

तळावर हात फिरवला की उथळ खोलगट भाग लागतो. एकाच खोलगटीने उचल आणि वेग मिळतो. मागच्या पायाखाली दोन खोलगट्या किंवा मधोमध किंचित उंचवटा असेल, तर बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन लोळतो आणि पाण्यावरचे धक्के दोन्ही बाजूंना वाटले जातात. खोल, एकसंध खोलगटीचा बोर्ड जोराच्या वाऱ्यासाठी मी टाळतो. त्याला उचल जरा जास्तच असते.

शेपटीचे तर्कशास्त्र सोपे आहे: ती जितकी रुंद, तितकी पाण्यावर तरंगणार, जितकी अरुंद, तितकी पाण्यात रुतणार. चौकोनी टोकाची शेपटी लहान आणि मध्यम लाटांत मोकळी वळते. गोल शेपटी मधला मार्ग आहे. टोकदार शेपटी मोठ्या, वेगवान लाटेवर घट्ट धरते, पण लहान लाटेत मंद वाटते. एकच बोर्ड घ्यायचा असेल, तर गोल शेपटीचा घ्यावा.

सहावी पायरी: फिन्स

तीन फिन्सची जी रचना आज सर्वत्र दिसते, ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने रूढ केली. मधली फिन वळणाला आधार देते, त्यामुळे शेपटी कधी सुटेल याचा अंदाज येतो. चार फिन्सच्या रचनेत मधला अडथळा नसल्याने वेग जास्त मिळतो आणि लाटेच्या उतारावर पकड चांगली राहते, मात्र अगदी उभी, आखूड वळणे थोडी ताठर होतात. पाच खाचा असलेला बोर्ड मिळत असेल तर तो घ्यावा. दोन्ही रचना स्वतः करून पाहता येतात.

काइटसर्फिंगमध्ये ओढ बाजूने येते, त्यामुळे फिन्सवर साध्या सर्फिंगपेक्षा जास्त आडवा भार पडतो. म्हणून लवचीक प्लास्टिकऐवजी फायबरग्लासच्या ताठ फिन्स घ्याव्यात. वेग वाढला की मोठी फिन स्वतःच उचल निर्माण करते आणि शेपटी पायाखालून वर येऊ पाहते. तसे होत असेल, तर एक माप लहान फिन लावावी. उलट, वळताना शेपटी बाहेर घसरत असेल, तर एक माप मोठी. फिनचा स्क्रू घट्ट करण्याआधी खाचेतली वाळू पाण्याने धुऊन काढावी, नाहीतर षटकोनी किल्ली फिरते, स्क्रूचे तोंड झिजते, आणि पुढच्या वेळी फिन निघतच नाही.

सातवी पायरी: बांधणी आणि पायांच्या पट्ट्या

साध्या सर्फिंगसाठी बनवलेला, पॉलियुरेथेन फोम आणि पॉलिएस्टर रेझिनचा हलका बोर्ड काइटखाली फार काळ टिकत नाही. उडीनंतर टाचा जिथे आपटतात, तिथे वाटीसारखे खळगे पडतात आणि पुढे तडे जातात. काइटसाठी बनवलेल्या बोर्डांत बहुधा ईपीएस फोमवर (थर्मोकोलच्या जातीच्या फोमवर) इपॉक्सी रेझिन, वरच्या थरात बांबू किंवा घट्ट फोमचा पापुद्रा आणि टाचांखाली जादा फायबर असते. ईपीएसला एकच काळजी लागते: बारीक तडा गेला तरी ते पाणी पिते. तडा दिसताच बोर्ड पाण्याबाहेर काढावा आणि पूर्ण वाळवूनच दुरुस्त करावा. अशा काही बोर्डांना हवा सुटण्यासाठी छोटा स्क्रू असतो; तो कडक उन्हात आणि विमानप्रवासात सैल करायचा आणि पाण्यात जाण्याआधी आठवणीने घट्ट करायचा.

सर्वांत हलका बोर्ड तो सर्वांत चांगला, हा समज जोराच्या वाऱ्यात टिकत नाही. पट्ट्यांशिवाय चालवताना वारा पुढच्या टोकाखाली शिरतो आणि अतिहलका बोर्ड पायांखालून उचकटतो. तीनशे-चारशे ग्रॅम जास्त असलेला बोर्ड खडबडीत पाण्यावर जास्त शांत राहतो.

पट्ट्या लावायच्या की नाही, हा वाद न संपणारा आहे. मोठ्या उड्या मारायच्या असतील किंवा पाणी फारच खवळलेले असेल, तर पट्ट्या लावाव्यात, पण पडल्यावर पाय सहज सुटेल इतक्या सैल ठेवाव्यात. अडकलेला पाय आणि लाटेत गुंडाळला गेलेला बोर्ड मिळून गुडघा पिरगाळतात. पट्ट्यांसाठी छिद्रे असलेला बोर्ड घेतला, तर हा निर्णय पुढे ढकलता येतो. बोर्ड पायाला दोरीने बांधणे मात्र टाळावे. काइट माणसाला ओढत असताना ती दोरी ताणली जाते आणि बोर्ड गोफणीतून सुटल्यासारखा डोक्यावर येतो. सुटलेला बोर्ड काइटच्या मदतीने पाण्यातून अंग ओढत, वाऱ्याच्या तोंडाकडे जाऊन परत मिळवता येणे, ही लाटांत जाण्याची पूर्वअट समजावी. हेल्मेट घालावे, हे वेगळे सांगायला नको.

आठवी पायरी: जुना बोर्ड पारखणे

वापरलेला बोर्ड घेताना तो उजेडात तिरपा धरून वरचा पृष्ठभाग पाहावा. टाचांच्या जागी उथळ खळगे असणे स्वाभाविक आहे. तिथे अंगठ्याने दाबल्यावर पृष्ठभाग आत जाऊन परत वर येत असेल, तर आतला थर सुटलेला आहे. बोटाच्या पेराने संपूर्ण बोर्डावर हळूहळू टकटक करत जावे. चांगला भाग टणक, नेमका आवाज देतो. थर सुटलेल्या जागी आवाज बदबद होतो. फिनच्या खाचांभोवती केसासारखे तडे आहेत का, हे ओल्या बोटाने पुसून पाहावे, कारण पाणी तड्यात शिरले की रेघ गडद दिसते. शेवटी बोर्ड वजनकाट्यावर ठेवावा. त्याच आकाराच्या नव्या बोर्डापेक्षा तो अर्धा किलो जड भरला, आणि मधल्या काळात त्याची कोणतीही मोठी दुरुस्ती झालेली नसेल, तर त्याच्या पोटात पाणी आहे असेच समजावे.

नववी पायरी: पाण्यात परीक्षा

परीक्षा घ्यायची ती ज्या वाऱ्यासाठी बोर्ड घेतो आहोत त्याच वाऱ्यात, रोजच्याच काइटवर. आधी लाटांपासून दूर, मोकळ्या खडबडीत पाण्यात दहा मिनिटे वाऱ्याच्या तोंडाकडे चढून पाहावे. टाचांचा दाब पुरतो का, की मांड्या पेटून उठतात? नंतर पूर्ण वेगाने आडवे जावे आणि झुळूक येईल तेव्हा काय होते ते पाहावे. बोर्ड उसळून पाण्यापासून सुटत असेल, तर घनफळ जास्त आहे किंवा कडा जाड आहेत. शेपटी अचानक बाजूला जात असेल, तर फिन्स लहान आहेत किंवा शेपटी रुंद आहे. त्यानंतरच लाटेवर जावे आणि तळाशी येऊन एक लांब वळण घ्यावे. पुढचे टोक बुडू पाहत असेल, तर लगेच रॉकरला दोष देऊ नये; आधी पुढचा पाय चार-पाच सेंटिमीटर मागे घेऊन पुन्हा एक लाट घ्यावी.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी पायांची जागा, मग फिन्स. या दोन्हींनी फरक पडला नाही, तरच बोर्ड नाकारावा. आणि परीक्षेच्या दिवशी वारा १५ नॉटवर आला, तर बोर्ड परत करून घरी यावे, कितीही छान चालला तरी.